न मोडणाऱ्या फोनची तक्रार

दणकट फोनची परीक्षा घेताना तो प्लायवूडवर टाकतात. दोन इंच जाडीचं प्लायवूड, त्याखाली काँक्रीट, आणि वरून बरोब्बर १.२२ मीटर, म्हणजे चार फुटांवरून फोन सोडायचा. ही अमेरिकी लष्कराची पद्धत आहे आणि ती ठरवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. अडचण एवढीच, की सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीपासून मुसळगावपर्यंत जेवढ्या साइट मी पाहिल्या, तिथे जमिनीवर प्लायवूड अंथरलेलं कुठे नव्हतं. आमच्याकडे प्लाय सेंटरिंगला लागतो. माझा फोन पडणार आहे, जरा दोन पाट्या खाली टाका, असं सांगितलं तर सेंटरिंगवाला आधी माझ्या तब्येतीची चौकशी करील आणि मग पाट्यांचं भाडं लावील. आमचे फोन पडतात ते खडीवर किंवा सळयांच्या तोंडांवर. तेही सरळ नाही, जिन्याच्या पायऱ्या मोजत.

माझ्या फोनच्या खोक्यावर ‘मिल-एसटीडी-८१०एच’ असं ठळक छापलं होतं. ते वाचून आमच्या घरात फोनबद्दल एकदम दरारा निर्माण झाला. मुलगा म्हणाला, “पप्पा, मिलिटरीचा आहे.” मिलिटरीचा वगैरे काही नाही. ८१० म्हणजे चाचण्या कशा घ्याव्यात हे सांगणारं अमेरिकी संरक्षण खात्याचं एक बाड आहे. पहिलं १९६२ मध्ये निघालं, ‘एच’ ही आवृत्ती २०१९ची. ऊन, पाऊस, वाळू, खारं धुकं, बुरशी, इतकंच काय जवळ बंदुकीचे बार उडाले तर यंत्राचं काय होतं, अशा पंचवीसहून जास्त चाचण्यांच्या रीती त्यात दिल्या आहेत. त्यातली कुठली घ्यायची ते फोनच्या कंपनीने ठरवायचं. पेपरही तिनेच काढायचा, गुणही तिनेच द्यायचे. अमेरिकी लष्कर कुठल्या फोनला प्रमाणपत्र देत नाही, आणि कुणी उगाच छापलं तर सिन्नरला येऊन जाबही विचारत नाही.

पडण्याच्या चाचणीत फोन सव्वीस वेळा टाकतात. सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे. हिशोब चोख आहे. मात्र हे सव्वीस आपटे एकाच फोनने सोसावेत अशी सक्ती नाही. पाच नगांत वाटून घेतले तरी चालतात, म्हणजे एकेकाच्या वाट्याला पाच-सहा. लहानपणी घरात मार बसायचा तेव्हा ही सवलत आम्हा भावंडांना कुणी दिली नव्हती.

माझ्याकडे आलेला नग एकटाच आहे, त्यामुळे सव्वीसचे सव्वीस त्याचेच. शिवाय बाडात नसलेलेही त्याचेच. तंबाखू मळून झाल्यावर चुन्याच्या अंगठ्याने फोन उचलणं, ही चाचणी बाडात नाही. डंपरच्या डॅशबोर्डवरून घसरून ब्रेकच्या पायाखाली जाणं, हीही नाही. बुरशीची मात्र आहे.

फोन भाच्याने सुचवला. तो पुण्यात आयटीत आहे. त्याच्या फोनला सगळ्यात मोठा धोका कॉफीचा. “मामा, तुम्ही दिवसभर साइटवर असता, तुम्हाला रग्ड फोनच पाहिजे,” असं त्याने दिवाळीत सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी शेडची फाउंडेशन, कंपाउंड, पाइपलाइन असली किरकोळ कामं बघणारा माणूस. नावाजलेले दणकट फोन माझ्या ऐपतीतले नाहीत. नोकियाचा एक्सआर२० भारतात २०२१ मध्ये आला तो चाळीस हजारांच्या वर. सॅमसंगचा एक्सकव्हर ७ २०२४च्या सुरुवातीला आला. त्याची बॅटरी मागचं झाकण उघडून बदलता येते, आणि पूर्वी हजार-दीड हजाराच्या फोनमध्ये फुकट मिळणारी ही सोय त्यात खास वैशिष्ट्य म्हणून सांगितली जाते. असल्या किमती ऐकल्या की एवढ्यात जेसीबी किती तास चालला असता, हा हिशोब माझ्या डोक्यात आपोआप सुरू होतो. म्हणून मी पंधरा हजारांच्या आतला घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही. एक तर सांगू नये, आणि दुसरं म्हणजे ते मला नीट उच्चारता येत नाही.

हातात घेतल्यावर पहिली जाणीव वजनाची होते आणि ती पुढे कमी होत नाही. साध्या फोनच्या सहज दुप्पट. शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला की शर्ट डावीकडे ओढला जातो आणि मी समोरच्याशी जरा तिरका बोलतोय असं त्याला वाटतं. पॅन्टच्या खिशात ठेवून मोटारसायकलवर बसलो तर मोहदरी घाट उतरेपर्यंत मांडीला त्याचे कोपरे पाठ होतात. खिसा उसवल्याचं खापर घरी माझ्यावर फुटतं. फोनच्या पाठीवर पिवळ्या पट्ट्या आहेत, इंग्रजीत काहीतरी शूर मजकूर आहे आणि आठ स्क्रू आहेत. त्यातले चार खरे, बाकीचे नुसते छापातले. स्क्रूड्रायव्हर लावेपर्यंत हे कळत नाही.

नवीन प्लॉटवर गेलो की शेजारच्या बांधावरून हमखास प्रश्न येतो, “साहेब, मोजणीचं मशीन का?” नाही म्हटलं तर विश्वास बसत नाही. सरकारी मोजणीला माणूस आलाय अशी खबर पसरते, दोघे-तिघे जमतात, एकजण आपली खूण कुठे होती ते आपणहून दाखवायला लागतो, आणि दुसरा ती तिथे नव्हतीच म्हणतो. मी फक्त खडीवाल्याला फोन लावत असतो.

आता पाणी. खोक्यावर ‘आयपी ६८’ आणि ‘६९के’ असे दोन्ही आकडे आहेत. पहिला अंक धुळीचा. सहा म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा पाण्याचा, सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आठ म्हणजे त्याहून कडक, किती ते कंपनीने सांगायचं, आणि नऊ म्हणजे ऐंशी अंश तापलेल्या पाण्याचा जोरदार फवारा, तोही वीतभरही नाही एवढ्या अंतरावरून. आमच्या तालुक्याच्या पूर्व भागात उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागलेली असते. तिथे एक मीटर खोल, स्वच्छ, न हलणारं पाणी अर्धा तास माझ्या फोनसाठी राखून ठेवा, असं सांगायचा मला धीर होत नाही. ते ऐंशी अंशांवर तापवा, हे तर पुढचं.

चाचणीतलं पाणी गोडं आणि साधं असतं. आमचं पाणी स्लॅबवरचं असतं. सिमेंटच्या पाण्याचा सामू बाराच्या वर जातो. ते माणसाच्या हाताची सालं काढतं, रबराच्या झाकणाचं काय ऐकणार. म्हणून मी वॉरंटीचा कागद वाचायला घेतला. तिथे बारीक अक्षरात लिहिलंय, की पाण्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही. खोक्याच्या एका बाजूला फोन पाण्यात पोहतानाचं चित्र, आत हा कागद. पाण्यात टाका सांगणारा विभाग आणि पाण्यात का टाकलात विचारणारा विभाग वेगवेगळ्या इमारतींत असावेत. हा प्रकार फक्त स्वस्तातल्यांचाच आहे असंही नाही. सॅमसंगने आपले गॅलेक्सी फोन तरणतलावात आणि समुद्रात वापरता येतात असं जाहिरातींत दाखवलं, म्हणून ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने २०२२ मध्ये १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. ओल्या पोर्टात चार्जर लावला तर पोर्ट गंजू शकतो, हे जाहिरातीत सांगायचं राहिलं होतं. ऑस्ट्रेलियात समुद्र आहे म्हणून तिथे प्रकरण लागलं. आमच्याकडे देवनदी, तीही पावसाळ्यापुरती. केस उभी राहणार नाही.

बरं, पाणी आत जात नाही हे मान्य. बाहेर राहिलेलं पाणी काय करतं, हे खोक्यावर नसतं. फोनचा पडदा बोटाचा दाब ओळखत नाही, बोटामुळे विजेत होणारा बारीक फरक ओळखतो. तो फरक पाण्याचा थेंबही करतो. त्यामुळे स्लॅबवर पाणी मारताना पडद्यावर चार थेंब पडले की फोन स्वतःच्या बुद्धीने चालायला लागतो. एकदा त्याने प्लॉटच्या मालकांना व्हिडिओ कॉल लावला. मालक मुंबईचे, मीटिंगमध्ये. त्यांनी मला खालून वर, नाकपुड्यांच्या बाजूने, हातात पाइप घेतलेला असा पाहिला आणि अत्यंत सभ्यपणे विचारलं, “काही अर्जंट आहे का?” मी काम जोरात चालल्याचं सांगितलं.

यावर उपाय म्हणून फोनमध्ये हातमोज्यांसाठी एक सोय आहे. ती चालू केली की पडदा इतका हळवा होतो, की खिशाच्या कापडालाही तो बोट समजतो. मग फोन खिशातल्या खिशात कॅमेरा उघडून अंधाराचे फोटो काढत बसतो. असे फोटो माझ्याकडे बरेच साठले आहेत. रबरी मोजे घालून मात्र तो काही उघडला नाही.

बोटाच्या ठशाचं तर विचारूच नका. ठसा घेणारं बटण कडेला आहे. सुट्टीच्या दिवशी आंघोळ करून बसलं की फोन बिनतक्रार उघडतो, म्हणजे जेव्हा मला त्याचं काहीच काम नसतं तेव्हा. कामाच्या दिवशी माझा अंगठा त्याला परका वाटतो. आमच्या मिस्तरींनी एकदा हौसेने स्वतःचा अंगठा नोंदवून बघायचं ठरवलं. तीस वर्षं थापी आणि सिमेंट हाताळलेला अंगठा. फोन म्हणाला, बोट उचला आणि पुन्हा ठेवा. मिस्तरींनी ठेवलं. फोन म्हणाला, थोडं सरकवून ठेवा. सरकवलं. शेवटी फोन म्हणाला, सेन्सर स्वच्छ पुसा. मिस्तरी शांतपणे म्हणाले, “रेशनच्या दुकानातली मशीन पण हेच म्हणते.”

रेशनचं ई-पॉस यंत्र या बाबतीत माझ्या फोनच्या कितीतरी पुढे आहे. सिन्नरचं नाव एमआयडीसी यायच्या आधीपासून विडीसाठी ठाऊक होतं. घरोघरी सूप मांडीवर घेऊन विडी वळणाऱ्या मावशी इथे पिढ्यान् पिढ्या आहेत. पानं कापायची, तंबाखू भरायचा, वळायचं, टोक मुडपायचं, दोरा बांधायचा. हे दिवसाला शेकड्यांनी आणि वर्षानुवर्षं केलं की बोटांच्या टोकावरच्या रेघा पुसट होतात. मग यंत्र विचारतं, तुम्ही कोण. दुकानदार म्हणतो, मावशी, हात धुऊन या. धुऊन आल्या की म्हणतो, आता जरा कोरडे करा. मग दुसरं बोट, मग डावा हात, मग थोडं थांबा, सर्व्हर गेलाय. माझा फोन निदान चार आकडे टाकले की उघडतो, तांदूळ अडवून ठेवत नाही.

धुळीबद्दल कंपनीचा दावा खरा निघाला, हे कबूल केलं पाहिजे. धूळ आत गेली नाही. पण मुसळगावच्या वसाहतीत एका मित्राचं लेथचं वर्कशॉप आहे, तिथे चहाला बसलो असताना फोन टेबलावर ठेवला. फोनच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं. लहान असलं तरी ताकदीचं. लेथच्या टेबलावर लोखंडाचा कीस असतो. उठताना पाहिलं तर फोनच्या खालच्या टोकाला बारीक, उभ्या, काळ्या केसांची दाढी आली होती. पुसली की आडवी होते, फुंकली की तिथेच राहते, ब्रश लावला की जाळीच्या आणखी जवळ जाते. मित्राच्या हाताखालचा पोरगा अनुभवी होता. त्याने चिकटपट्टीचा तुकडा कापला, जाळीवर दाबला आणि झटक्यात उपटला. अर्धी दाढी निघाली. उरलेली अजून आहे, आणि तेव्हापासून माझ्याशी फोनवर बोलणारा प्रत्येक माणूस मला सर्दी झालेला वाटतो. धूळ अडवण्याच्या मानकात आत काय जातं एवढंच बघतात. बाहेर काय येऊन बसतं आणि मुक्काम करतं, त्याला अंक नाही.

फोनसोबत ‘टूलबॉक्स’ नावाचं एक ॲप फुकट मिळालं. त्यात होकायंत्र, ओळंबा, पाणसळ, कोनमापक, आवाज मोजायचं यंत्र असं सगळं आहे. विक्रीच्या पानावर एक गोरा गवंडी हे ॲप भिंतीला लावून हसताना दाखवला होता. मी मिस्तरींना फोन दिला. त्यांनी तो विटांच्या थरावर आडवा ठेवला. फोनच्या पाठीला कॅमेऱ्याचं टेंगूळ आहे, त्यामुळे तो कुठल्याच सपाट जागेवर सपाट बसत नाही. पडद्यावरचा बुडबुडा एका बाजूला गेला. मिस्तरींनी फोन उलटा फिरवला, बुडबुडा दुसऱ्या बाजूला गेला. म्हणजे भिंत दोन्हीकडे झुकलेली निघाली. मग त्यांनी तो कडेवर उभा धरला, तर कडेचं बटण दाबलं जाऊन पडदा बंद. ओळंब्याचं पान उघडून भिंतीशी धरला, तेवढ्यात कर्जाच्या जाहिरातीचा फोन आला आणि तो थरथरायला लागला. मिस्तरींनी खिशातून आपला पितळी ओळंबा काढला, दोरा सोडला, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, “पाव सूत बाहेर आहे. तुमचं मशीन ठेवा बाजूला, उन्हात तापतंय.” सिन्नरचं गोंदेश्वराचं देऊळ बाराव्या शतकातलं. ते कुठल्या ॲपवर बांधलं, त्याची नोंद सापडत नाही.

उन्हाचं मिस्तरी म्हणाले ते खरं होतं. बाहेर वापरायचा फोन बाहेर दिसत नाही. भर दुपारचं ऊन लाखभर लक्स पडतं. स्वस्त पडद्याचा उजेड चार-पाचशे निट, आणि तापल्यावर फोन तोही स्वतः होऊन कमी करतो. मग मी जेसीबीच्या सावलीत, डोक्यावर रुमाल घेऊन, पडद्यावर ओंजळ धरून चलन वाचतो. लांबून बघणाऱ्याला मी रडतोय असं वाटतं. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला लागतो, आणि बऱ्याच फोनच्या सूचनांत वापरायचं तापमान पस्तीस अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं. लिथियम बॅटरी पंचेचाळीसच्या वर गेली की चार्जिंग थांबवणं हे तिच्याच भल्याचं. कारण शास्त्रीय आहे, माझं काही म्हणणं नाही. फक्त विक्रीच्या पानावर हाच फोन वाळवंटात एका उंटाशेजारी ठेवलेला होता. त्या दिवशी उंटाकडे आभाळ आलं असावं.

बॅटरी मात्र प्रचंड आहे. तिचा मला काडीचा उपयोग होत नाही. फोन दोन-तीन दिवस चालतो, दुसऱ्या फोनला चार्जही करतो, आणि ही बातमी साइटवर पोचायला दुपार झाली नाही. आता सकाळी आलो की सेंटरिंगवाल्याचा पोरगा, मिक्सरचा ऑपरेटर आणि वाचमन आपापल्या वायरी घेऊन उभे असतात. “साहेब, तुमचा काय, भरपूर आहे.” संध्याकाळी त्यांचे फोन भरलेले असतात आणि माझा लाल रंग दाखवत असतो. घरी नेऊन लावला की एवढी मोठी टाकी भरायला रात्र पुरत नाही.

शिवाय लावायचा कशाने? पाणी जाऊ नये म्हणून चार्जिंगचं भोक आत, खोलात दिलंय. नेहमीच्या चार्जरची पिन तिथपर्यंत पोचत नाही. लांब नाकाची खास वायर लागते, ती खोक्यात एकच येते. ती वायर घरी राहिली तर मी साइटवर दहा चार्जरांच्या मध्ये बसून उपाशी. सिन्नरच्या मोबाईलच्या दुकानांत ती मिळत नाही. नाशिकला शालिमारला विचारलं, तिथल्या पोराने नेहमीची पिन घालून पाहिली, मग जोर लावून घालून पाहिली, मग म्हणाला, “काका, तुमचा पीस डिफेक्टिव्ह आहे.”

त्या भोकावर रबराचं झाकण असतं. सगळी जलरोधक मर्दुमकी त्या झाकणावर उभी आहे. ते एका बारीक रबरी देठाने फोनला जोडलेलं असतं, आणि रोज नखाने उघडायचं असतं. माझ्या फोनच्या काचेला आजवर ओरखडा नाही, कोपरे शाबूत आहेत, पाठीवरचे खोटे स्क्रूसुद्धा जागेवर आहेत. झाकणाचा देठ पहिल्या पावसाळ्याआधी तुटला. आता झाकण सुटं आहे. ते मी शर्टाच्या खिशात वेगळं ठेवतो आणि आभाळ भरून आलं की शोधायला लागतो.

माझं गाऱ्हाणं निदान स्वखुशीने विकत घेतलेलं आहे. अंगणवाडीच्या ताईंना सरकारने फोन दिले होते, दोन जीबी रॅमचे. त्यावर बाळांची वजनं, उंची, आहार, सगळं भरायचं. फोन तापायचे, अडकायचे, दुरुस्तीचा खर्च पदरचा. २०२१च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन परत करायचं आंदोलन केलं. मला वाटतं, फोनच्या परीक्षणाच्या इतिहासात एवढं स्पष्ट मत क्वचितच नोंदवलं गेलं असेल. त्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः पिकात उभं राहून, जागेच्या नोंदीसह फोटो काढून पाठवायचा. २०२३च्या जानेवारीपासून रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरीही ॲपवर, दिवसातून दोनदा फोटोसकट, सक्तीची झाली. थोडक्यात, या राज्यात उन्हात उभं राहून फोन चालवायची सगळ्यात मोठी चाचणी सरकारनेच लावली आहे. तिच्यात प्लायवूड नाही.

माझा दणकट फोन घेऊन मी वावीकडे भावाच्या मक्याची पाहणी भरायला गेलो. भावाने साहजिकच मोठ्या अपेक्षेने त्याच्याकडे पाहिलं. फोनने गट नंबर घेतला, पीक घेतलं, फोटो घेतला, आणि गोल फिरायला लागला. खोक्यावर बारा जीबी रॅम लिहिलंय. बारकाईने वाचल्यावर ती सहा अधिक सहा आहे, आणि दुसरी सहा ही साठवणुकीतून उसनी घेतलेली. उसनवारीवर फोन फिरत राहिला. बांधावर चढलो, नेटवर्कची एक काडी आली. विहिरीच्या कठड्यावर चढलो, दुसरी आली. तेव्हा वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, उतरा आधी, फोन पडला तरी चालेल, तुम्ही पडाल.” तो फोन पडण्यासाठीच बनवलाय हे मी त्यांना सांगितलं नाही. पाहणी शेवटी भावाच्या पोराच्या साध्या, काच तडकलेल्या फोनवर रात्री घरी बसून अपलोड झाली.

२००३ मध्ये नोकियाचा ११०० निघाला तेव्हा आमच्या भागातल्या ट्रक ड्रायव्हरांपासून दूधवाल्यांपर्यंत सगळ्यांकडे तोच होता. अखंड रबरी कीपॅड, त्यामुळे धूळ आत नाही. कडा न घसरणाऱ्या. आणि डोक्यावर टॉर्च. जगभरात पंचवीस कोटींच्या आसपास खपला. त्याच्या खोक्यावर कुठल्याही सैन्याचा उल्लेख नव्हता. त्यावर हजेरीचा फोटो काढता येत नव्हता, हाही त्याचा एक गुणच.

घरच्यांची काळजी हा आणखी एक जाच. असला फोन घेतल्यावर बायकोचा पहिला प्रश्न, “कव्हर घेतलं का?” मी म्हटलं, हा फोनच कव्हर आहे. ती म्हणाली, “मग त्याला काही झालं तर?” दुकानदारही म्हणाला, टफन टाकून घ्या, शंभर रुपयांत. मग त्याने मापाची काच शोधली, मिळाली नाही, म्हणाला, “या मॉडेलचं काहीच येत नाही. डिस्प्ले पण नाही. तुटला तर टाकून द्यायचा.” तुटत नाही, म्हटलं. तो म्हणाला, “तेच चांगलं.”

आमच्या साइटवर एक बिगारी आहे. त्याचा फोन सात-आठ हजारांचा. सकाळी आला की तो फोन रिकाम्या दुधाच्या पिशवीत घालतो, पिशवीचं तोंड दोन पिळे देऊन मुडपतो, त्यावर रबर लावतो आणि पिशवी डब्याच्या पिशवीत ठेवतो. पातळ प्लॅस्टिकमधून पडद्याला बोट कळतं, त्यामुळे फोन आला तर तो पिशवीसकटच उचलतो. पाणी आत जात नाही, थेंब पडले तरी पडदा वेडा होत नाही, लोखंड चिकटत नाही, पिशवी फाटली की चहावाल्याकडे दुसरी असते. मी त्याला आयपी किती विचारलं नाही. त्याने मात्र माझ्या फोनकडे बघून विचारलं, “साहेब, याला पिशवी कुठली लावता?”

अखेर मी कंपनीच्या मदतकेंद्राकडे तक्रार करायचं ठरवलं. त्यांच्या यादीतून तक्रारीचा प्रकार निवडायचा होता. स्क्रीन तुटली, फोन चालू होत नाही, पाणी गेलं, चार्ज होत नाही. माझ्या फोनची स्क्रीन तुटलेली नव्हती, तो चालू होता, पाणी गेलेलं नव्हतं, आणि लांब नाकाची वायर असली तर चार्जही होत होता. मी ‘इतर’ निवडून मिस्तरींचा अंगठा, कॅमेऱ्याचं टेंगूळ, लोखंडी दाढी, विहिरीचा कठडा हे सगळं सविस्तर लिहिलं. अक्षरांची मर्यादा होती, उंटाचं राहून गेलं. तासाभरात एका मुलीचा फोन आला. फार गोड आवाजात तिने विचारलं, “सर, डिव्हाइस फिजिकली डॅमेज आहे का?” नाही म्हटलं. “चालू आहे का?” याच्यावरूनच बोलतोय, म्हटलं. “मग सर, तक्रार नेमकी काय म्हणून टाकू?” मी विचार करत होतो तेवढ्यात लोखंडी दाढीमुळे तिला माझा आवाज येईनासा झाला असावा, तिने दोनदा हॅलो म्हणून फोन ठेवला. पाठोपाठ मेसेज आला, की आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं आहे, कृपया आमच्या सेवेला पाचपैकी गुण द्या. मी चार दिले. एक झाकणाचा कापला.